ज्या गाण्याचा 'सा' ठरत नाही ते बसवायचं कसं? : 'गॉड ओन्ली नोज'

मंद्रसप्तक

नमस्कार मंडळी. आमच्या गटात चार आवाज आहेत, दोन बायकांचे आणि दोन पुरुषांचे. सोबत गिटार, बेस गिटार, कीबोर्ड आणि व्हायोलिन. एका छोट्या सभागृहात साठच्या दशकातल्या इंग्रजी गाण्यांचा कार्यक्रम करतोय आणि मी हट्टाने बीच बॉइज या अमेरिकन बँडचं 'गॉड ओन्ली नोज' यादीत घातलं आहे. १९६६ च्या मे महिन्यात आलेल्या 'पेट साउंड्स' या अल्बममधलं. ब्रायन विल्सन आणि टोनी ॲशर या दोघांनी मिळून लिहिलेलं. मुख्य आवाज ब्रायनचा धाकटा भाऊ कार्ल याचा, तेव्हा वय १९.

ऐकताना गाणं अगदी साधं वाटतं. तीन मिनिटांच्या आत संपतं, ओळी छोट्या, चाल गुणगुणता येईल अशी. बसवायला घेतलं की एकेक गोष्ट पुढे येते. अंतऱ्याचा पहिला कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) डी मेजर, पण खाली बेसला नेहमीसारखा मूळ स्वर डी नाही, ए आहे. मग बी मायनर सिक्स. एफ शार्प मायनर. मग बी सेव्हन, त्याच्याखाली पुन्हा ए. त्यानंतर ई मेजर येतो आणि वाटतं, चला, घरी आलो. तर त्याच्या पायाशी बी. म्हणजे जो कॉर्ड घर वाटावा तोच जमिनीला टेकत नाही. पुढे एक डिमिनिश्ड कॉर्ड, पुन्हा तोच अधांतरी ई, आणि मग शीर्षकाची ओळ येते तिथे ए मेजर. बेस ए, जी शार्प, एफ शार्प असा उतरतो.

नेटवर मिळणाऱ्या बहुतेक कॉर्डच्या कागदांवर हे सगळं सपाट केलेलं आहे: डी, बी मायनर, एफ शार्प मायनर, बी सेव्हन, ई. तसं वाजवलं तर स्वर चुकत नाहीत, पण गाणं मरतं. माझं ठाम मत आहे की या गाण्यात बेस ही अर्धी रचना आहे. सोबतीला जे काही कराल ते करा, बेसच्या स्वरांना हात लावायचा नाही.

तीन गोष्टींवर तुमचं मत हवंय. मधला भाग चार आवाजांत कसा बसवावा? तिसऱ्या अंतऱ्याला दुसऱ्याचेच शब्द परत येतात, तिथे काय बदलावं? आणि शेवट? रेकॉर्डवर आवाज एकमेकांत गुंफत विरत जातात. रंगमंचावर विरायचं कसं?

सहा_तारा

वा, काय धागा काढलाय! गिटारवाल्यांसाठी लगेच लिहितो, कारण इथे घाबरण्यासारखं फार काही नाही.

डी वाजवताना सहावी तार टाळा आणि पाचवी मोकळी सोडा. ए आपोआप खाली आला. ई वाजवताना सहावी तार अंगठ्याने दाबून गप्प करा. पाचव्या तारेवर दुसऱ्या घरात बी आहेच, तोच आता सगळ्यात खालचा स्वर. शीर्षकाच्या ओळीतल्या ई साठी मात्र सहाव्या तारेचं चौथं घर, म्हणजे जी शार्प. एवढं केलं की निम्मं काम झालं.

पण तुमच्याकडे बेस गिटार आहे. मग कीबोर्डवाल्याला आधी सांगा की डावा हात मांडीवर ठेव. सवयीने तो प्रत्येक कॉर्डचा मूळ स्वर खाली दाबणार, आणि बेसवाल्याची सगळी मेहनत पाण्यात.

कोमल_निषाद

मी शास्त्रीय गाते, कॉर्डची भाषा मला नीट येत नाही. पण मंद्रसप्तक यांनी लिहिलेले स्वर पेटीवर काढून पाहिले आणि फार गंमत वाटली, म्हणून लिहिते.

ई ला, म्हणजे पांढरी तीनला, सा धरा. सुरुवातीचा डी झाला कोमल निषाद. पुढे बी सेव्हनमध्ये डी शार्प येतो, तो शुद्ध निषाद. दोन्ही निषाद, खमाज किंवा देसमध्ये असतात तसे. आता सा बदला. ए ला, पांढरी सहाला, सा म्हणा. तेच दोन स्वर आता शुद्ध आणि तीव्र मध्यम झाले. दोन्ही मध्यम, केदारमध्ये असतात तसे. स्वर तेच, पण एका बाजूने पाहिलं तर देसची ओढ आणि दुसऱ्या बाजूने केदारची. मी रेकॉर्डिंगबरोबर तानपुरा लावून पाहिला. ई चा लावला तर शीर्षकाची ओळ परकी वाटते, ए चा लावला तर अंतऱ्याचा मधला भाग.

म्हणून माझी एकच विनंती. या गाण्यामागे कुठलाही स्थिर षड्ज ठेवू नका. आपल्याकडच्या कार्यक्रमांत कीबोर्डवर मागे एक लांब स्वर धरून ठेवायची सवय असते. इथे तो स्वर म्हणजे परीक्षेआधीच फुटलेली उत्तरपत्रिका.

रोखठोक

माझं मत वेगळं आहे आणि ते मांडतोच.

सभागृहात बसलेल्या दीडशे लोकांपैकी किती जणांना कळणार आहे की ई खाली बी होता की ई? त्यांना चाल आवडते, शब्द आवडतात. गटाला सरावाला वेळ कमी असतो. अवघड कॉर्डमध्ये गायक बेसूर झाले तर ते शंभर टक्के कळणार. सोपे कॉर्ड घ्या, चारही आवाज सुरात ठेवा, आणि मधल्या भागात व्हायोलिनला मोकळं सोडा. मूळ रेकॉर्ड घरी आहेच ऐकायला. मांडणी म्हणजे नक्कल नव्हे.

मंद्रसप्तक

@सहा_तारा, ई मधली पाचवी तार माझ्या लक्षातच आली नसती. गिटारवाल्याला आजच पाठवते. @कोमल_निषाद, तुमचा प्रतिसाद आमच्या गटात मोठ्याने वाचून दाखवला!

@रोखठोक, मांडणी म्हणजे नक्कल नव्हे, याच्याशी पूर्ण सहमत. पण कळणं आणि जाणवणं यात फरक आहे. या गाण्याचे शब्दच शंकेने सुरू होतात. प्रेमगीताची पहिली ओळ, आणि गाणारा म्हणतो की मी कदाचित नेहमीच तुझ्यावर प्रेम करणार नाही. ती ओळ डी वर आहे, आणि डी खाली ए. माणूस जिन्याच्या मधल्या पायरीवर थांबून बोलतोय, वर जाईल की खाली ते अजून ठरलेलं नाही. तिथे भरभक्कम मूळ स्वर दिला तर तो शपथ घेतल्यासारखा वाटतो. श्रोत्याला कॉर्डचं नाव कळणार नाही, पण गाणारा डळमळीत आहे की ठाम, हे नक्की कळतं.

दादरकर

अवांतर आहे, पण विषय अरेंजरचा, म्हणजे गाण्याची मांडणी करणाऱ्याचा, निघालाय म्हणून राहवत नाही.

आपल्याकडे हे काम करणारी माणसं कायम पडद्याआड राहिली. मुंबईच्या चित्रपटसंगीतात स्वरलिपी वाचणारे आणि लिहिणारे बहुतेक गोव्याचे. शंकर-जयकिशनकडे सेबॅस्टियन डिसोझा. सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो वाझ. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस, ज्यांच्याकडे प्यारेलाल व्हायोलिन शिकले. गोन्साल्विसांनी १९५८ मध्ये भारतीय रागसंगीत आणि सिंफनी वाद्यवृंद एकत्र आणायचा घाट मुंबईत घातला होता. चालीच्या पाठीमागून दुसरी चाल नेणं, व्हायोलिनांना ओळींच्या फटीत बोलायला लावणं, ही या मंडळींची देणगी. त्यांतल्या बहुतेकांची नावं श्रेयनामावलीत कधी आलीच नाहीत.

विल्सनच्या बाबतीत वेगळेपण हे की चाल, कॉर्ड आणि वाद्यमेळ एकाच डोक्यातून आले. फ्रेंच हॉर्न, अकॉर्डियन, हार्प्सिकॉर्ड, बासऱ्या, तंतुवाद्यं. आणि वादक कोण, तर हॉलिवूडच्या स्टुडिओंतले रोजचे पट्टीचे लोक. ड्रमवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरल केय.

हडसनकाठ

न्यू जर्सीहून लिहितेय. मी इथल्या एका हौशी कॉयरमध्ये (समूहगायनाच्या गटात) आल्टो, म्हणजे बायकांचा खालचा आवाज, गाते आणि हे गाणं आम्ही केलं आहे.

मंद्रसप्तक, आधी 'द पेट साउंड्स सेशन्स' हा १९९७ चा संच ऐका. त्यात वाद्यं वेगळी आणि नुसते आवाज वेगळे ऐकता येतात. वाद्यांचा भाग एकटा ऐकला की फ्रेंच हॉर्न किती कमी जागा घेतो ते दिसतं. त्याच संचात एक पर्यायी आवृत्ती आहे, मधल्या भागात सॅक्सोफोनचा एकल तुकडा असलेली. आणि एक अशी, जिच्या शेवटाला नुसत्या आवाजांचा मोठा थवा आहे. दोन्ही ऐकायला छान, पण विल्सनने दोन्ही टाकून दिल्या. शेवटी ठेवलं ते तीन ओळींचं चक्र. मांडणी करणाऱ्याने काय काय वगळलं हे इतकं स्पष्ट क्वचित ऐकायला मिळतं.

आता मधल्या भागाबद्दल. तो नवीन नाहीच! अंतऱ्याचेच कॉर्ड पांढऱ्या सहावरून मध्यमावर, म्हणजे पांढरी दोनवर उचलले आहेत. सुरुवातीला तुटक तुटक ठोके आणि मग त्याच कॉर्डवर शब्दांशिवाय, नुसत्या अक्षरांवर आवाज एकमेकांना छेद देत जातात. तो भाग संपतो शीर्षकाच्या ओळीवर, पण ती ओळ आता डी मध्ये आहे. लगेच तिसरा अंतरा डी वरच सुरू होतो. जो कॉर्ड पहिल्यांदा उंबऱ्याबाहेरचा वाटला होता, तोच आता ओळखीचा झालेला असतो. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे असं मला वाटतं. तिसऱ्या अंतऱ्यात फार काही बदलू नका. तेच शब्द आधीच बदलून आलेले आहेत.

चार आवाजांची वाटणी आम्ही अशी केली होती: मधल्या भागात सोप्रानोला (बायकांचा वरचा आवाज) विश्रांती. वरच्या पट्टीत तिला शब्दांशिवाय उंच ठेवलं की ती किंचाळते. टेनरने (पुरुषांचा वरचा आवाज) मुख्य सूत धरायचं, आल्टोने त्याला छेद द्यायचा, बासने (पुरुषांचा खालचा आवाज) तुटक ठोके तोंडाने द्यायचे. आणि सोप्रानो शीर्षकाच्या ओळीलाच परत येते. तिचं ते परत येणं फार सुंदर वाटतं.

उगाच_वाचक

संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण अख्खा धागा वाचला आणि गाणं चार वेळा ऐकलं. वाचनखूण साठवली आहे. घरचे विचारतायत, आज स्वयंपाक आहे की नाही!

तारायंत्र

घर न सापडणाऱ्या गाण्यांचा विषय आहे, तर जिमी वेबच्या 'विचिटा लाइनमन'चा उल्लेख हवाच. १९६८, ग्लेन कॅम्पबेलने गायलेलं. एफ मध्ये सुरू होतं, अंतरा संपेपर्यंत डी ची ओढ लागते, आणि ज्या एफ वरून निघालो त्याला गाणं कधीच धड परत येत नाही. विजेच्या-टेलिफोनच्या तारांवर एकटा काम करणारा माणूस, घरापासून लांब. अंतरे दोनच. वेबला गाणं अपुरं वाटत होतं. तिसऱ्या अंतऱ्याच्या जागी कॅम्पबेलने खर्जातल्या गिटारवर चाल वाजवली आणि ते पूर्ण झालं.

माझा मुद्दा असा की तिथेही सोपं करायची सोय नाही. कॉर्ड सरळ केले तर तो माणूस घरी पोचतो.

सहा_तारा

तारायंत्र, शेवटचं वाक्य आवडलं.

मला बीटल्सचं 'यस्टरडे' आठवलं. १९६५. अंतरा सात मात्राखंडांचा, आठचा नाही. पहिल्या खंडात घरचा कॉर्ड, दुसऱ्यातच ई मायनर आणि ए सेव्हन, तिसऱ्यात डी मायनर. घरात पाय ठेवला न ठेवला तोच बाहेर. त्यांचा निर्माता जॉर्ज मार्टिन याने त्याला फक्त चार तंतुवाद्यं दिली, आणि पॉल मॅकार्टनीचा आग्रह होता की स्वर हलवू नका, सरळ लावा. मंद्रसप्तक, तुमच्या व्हायोलिनवाल्याला हेच सांगा. 'गॉड ओन्ली नोज'मध्ये फार आंदोलन घेतलं की गोड पाक होतो. रच्याकने, मॅकार्टनीचं सगळ्यात आवडतं गाणं म्हणजे 'गॉड ओन्ली नोज', हे त्याने अनेकदा सांगितलंय.

रोखठोक

काल रात्री हेडफोन लावून तीनदा ऐकलं. पहिल्यांदा नेहमीसारखं, मग नुसता बेसवर कान ठेवून, मग हडसनकाठ यांनी सांगितलेला वाद्यांचा भाग.

बेसचा मुद्दा मान्य. शीर्षकाच्या ओळीत तो तीन पायऱ्या उतरतो तेव्हा पोटात काहीतरी होतं आणि ते सरळ कॉर्डवर होत नाही, वाजवून पाहिलं. पण सरावाचा मुद्दा मी सोडणार नाही. गायकांना कॉर्ड शिकवू नका. त्यांना फक्त बेसबरोबर गायला लावा. कीबोर्ड नाही, गिटार नाही. नुसता बेस आणि चार आवाज. दोन बैठका अशा झाल्या की बाकीची वाद्यं आणा. बेसूर होण्याची भीती तेवढ्याने बरीच कमी होईल. आणि व्हायोलिनला मधल्या भागात मोकळं सोडा, हे मागे घेतो. तो सॅक्सोफोन ऐकल्यावर कळलं की विल्सनने तो का काढला.

कोमल_निषाद

रोखठोक यांची सरावाची पद्धत अगदी योग्य. आम्हीही पेटी बंद करून नुसत्या तानपुऱ्यावर गळा तयार करतो. इथे तानपुऱ्याच्या जागी चालता बेस.

एक शंका. मुख्य ओळ गायिका गाणार आहे का? मग पट्टी बदलावी लागेल. पांढरी सहाची ओळ पांढरी दोनवर नेली तर मधला भाग पांढरी पाचवर जाईल, तो झेपेल का? खाली उतरवायचं तर किती?

मंद्रसप्तक

नेमका प्रश्न. मुख्य ओळ पुरुष आवाजालाच दिली आहे, तीही आमच्यातल्या सगळ्यात तरुण मुलाला. कार्लच्या आवाजात जो निरागसपणा आहे तो अनुभवी गळ्यातून काढणं अवघड. सराव करताना त्याला एकच सांगितलं: भाव दाखवू नकोस, ओळ नुसती सांग. त्यामुळे मूळचीच पट्टी ठेवतोय.

हडसनकाठ, सोप्रानोला थांबवायची युक्ती काल करून पाहिली. ती आधी रुसली. पण ओळीला परत आली तेव्हा बाकीचे तिघे गाणं विसरून तिच्याकडे बघायला लागले. ठरलं.

आता उरला शेवट. आम्ही आवाज हळूहळू कमी करत विरायचा प्रयत्न केला. रेकॉर्डवर जे जादुई वाटतं ते प्रत्यक्षात चार माणसं दमल्यासारखी दिसतं.

रोखठोक

ए मेजरवर एकत्र या आणि थांबा. लोकांना टाळ्या कधी वाजवायच्या ते कळलं पाहिजे.

कोमल_निषाद

नको ना! अख्खं गाणं पांढरी तीन की सहा, हे ठरू देत नाही आणि शेवटी आपण ठरवून टाकायचं? बेस जी शार्पवर असताना, ई वर थांबा. तिथेच सोडून द्या.

हडसनकाठ

तो शेवट आम्ही करून पाहिला होता. श्रोते पुढच्या स्वराची वाट बघत बसले आणि कुणीतरी खोकलं. ई वर थांबलं की गाणं तुटल्यासारखं वाटतं.

दुसरं सांगते. चक्रातल्या ओळी तीनच आहेत. रेकॉर्डवर तिथे ब्रायन आणि ब्रूस जॉन्स्टन गातात. तुमच्या चौथ्या आवाजाला चक्रात ओढू नका. त्याला बेसबरोबर खालचे स्वर गुणगुणू द्या. मग वाद्यं एकेक करून काढा. आधी कीबोर्ड, मग गिटार, मग व्हायोलिन, सगळ्यात शेवटी बेस गिटार. आवाज मात्र त्याच जोरात चालू राहू देत. कमी होतात ती माणसं, आवाज कमी करायचा नाही.

सहा_तारा

आणि शेवटचा कॉर्ड ए मेजरच, पण गुणगुणणाऱ्याने ए न धरता ई धरायचा. रोखठोक यांना ए मिळाला, कोमल_निषाद यांचं घर पायाशी राहिलं. अंतऱ्याचे कॉर्ड जसे मूळ स्वरावर उभे नाहीत तसाच हाही. थांबल्याचं कळतं, पण शिक्का बसत नाही.

मंद्रसप्तक

आज संध्याकाळी हे दोन्ही एकत्र करून पाहिलं. बेस गिटार थांबली त्या क्षणी तीन ओळी इतक्या स्वच्छ ऐकू आल्या की आमच्या व्हायोलिनवाल्याने हातातला गज खाली ठेवला आणि नुसता ऐकत राहिला. चौथा आवाज ई वर गेला आणि सगळे एकदम थांबलो. कुणालाही पुढचा स्वर हवासा वाटला नाही, आणि गाणं मिटल्यासारखंही वाटलं नाही. हाच शेवट.

एकच अडचण आहे: चौथ्याला तो ई फार खाली लागतोय, मंद्रात श्वास पुरत नाही. एक सप्तक वर घेतला तर तो बाकीच्यांच्या मध्ये येतो आणि पाया उरत नाही.

कोमल_निषाद

त्याला शेवटच्या आवर्तनात गाऊ देऊ नका. आधीची ओळ सोडून श्वास भरून घेऊ दे, मग फक्त तो एक स्वर. आणि 'आ'कारात नको, ओठ मिटून. मंद्र स्वर मिटल्या ओठांनी जास्त टिकतो.

रोखठोक

आणि माइक त्याच्या जवळ आणा. ध्वनिव्यवस्थेवाल्याला शेवटचं चक्र सुरू झालं की खूण करायला एक माणूस बसवा, नाहीतर तो तोपर्यंत चहाला गेलेला असतो. मी येतोय कार्यक्रमाला, सांगाल तर मी बसतो.

मंद्रसप्तक

या! बेसची पूर्ण ओळ स्वरलिपीत लिहून उद्या इथेच टाकते, ज्यांना हे गाणं बसवायचं असेल त्यांच्या उपयोगी पडेल. सहा_तारा, बी सेव्हनखाली ए ठेवून गिटारवर सोयीची पकड कोणती ते तेवढं लिहाल का? आमचा गिटारवाला अजून तिथे अडतोय.